वारस नाही म्हणे!

वसुधाची टूर पाऊण तासाची. निदान तिकिटावर तरी तसं छापलंय. पण ती तासाच्या आत संपलेली आजवर कुणी पाहिलेली नाही, आणि त्याला कारण आहे एक भिंत.

ड्रेस्डेनहून बसनं एल्ब नदीच्या कडेकडेनं गेलं की एक लहानसं श्लोस लागतं. श्लोस म्हणजे राजवाडा, पण हा राजवाडा आपल्याकडच्या एखाद्या सुखवस्तू वकिलाच्या बंगल्यापेक्षा फार मोठा नाही. दोन मनोरे, मागे बाग, खाली कॅफे. एकोणिसाव्या शतकात तिथं एक स्कॉटिश उमराव राहत असे, अर्ल ऑफ ड्रमकेर्न. त्या काळी ड्रेस्डेनात इंग्रज आणि स्कॉटिश मंडळींची चांगली वस्ती होती. हा अर्ल आला तो म्हणे थोडे दिवस हवापालटाला, आणि जंगलखात्यातल्या एका अधिकाऱ्याची मुलगी ओटिली हिच्याशी लग्न करून कायमचा राहिला. त्यांना चार मुली झाल्या. मुलगा झाला नाही. अर्लला त्याचं काही वाटत नसावं, कारण त्यानं चौघींना घोड्यावर बसायला शिकवलं, नदीत पोहायला शिकवलं, आणि म्हातारपणी सगळा कारभार थोरल्या इझोबेलच्या हाती देऊन स्वतः गुलाब लावत बसला.

मग तो वारला आणि स्कॉटलंडहून पुतण्या आला. यानं काकाला जन्मात दोनदा पाहिलेलं. पण किताब पुरुषाकडेच जायचा, आणि किताबाच्या पाठोपाठ जमीन, घर, घोडे, चांदीची भांडी, सगळं गेलं. चौघी बहिणींनी उन्हाळ्याच्या आत घर सोडलं. इझोबेल लाइपझिगला एका व्यापाऱ्याच्या पोरांना इंग्रजी शिकवायला राहिली. पुतण्यानं तेवढ्यावर थांबायचं की नाही? तर नाही. त्यानं चित्रकार बोलावून दिवाणखान्याच्या भिंतीवर घराण्याचा वंशवृक्ष काढून घेतला. मोठा थोरला ओक. फांदीफांदीवर पुरुषांची नावं, सोनेरी पानांत. अर्लची फांदी मात्र करवतीनं कापल्यासारखी मध्येच संपते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘ओन एर्बेन’. वारस नाही.

"वारस नाही म्हणे!" वसुधा जर्मनमध्ये हे वाक्य म्हणते तेव्हा तिचा आवाज हमखास चढतो. रोज तीच भिंत, रोज तोच संताप. मग ती प्रवाशांना भिंतीसमोर उभं करते आणि चौघींची नावं मोठ्यानं म्हणायला लावते. इझोबेल, शार्लोट, युफेमिया, जीन. जर्मन पेन्शनर मंडळी आधी बावरतात, पण सांगितलं की करणारी माणसं ती, शाळेत हजेरी दिल्यासारखी नावं म्हणतात. या सगळ्यात वेळ जातो. व्यवस्थापक फ्राऊ हेन्शेल बाई दर महिन्याला तिला घड्याळ दाखवतात. वसुधा "हो, हो" म्हणते आणि पुढच्या टूरला पुन्हा तेच करते.

तापट आहे, असं तिच्याबद्दल सगळेच म्हणतात. नवरा श्रीरंग चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे, मनुष्य गाईसारखा गरीब. तो म्हणतो, आमच्या घरी हायत्सुंगचा, म्हणजे घर गरम ठेवायचा, खर्च कमी येतो, बायको पुरेशी तापलेली असते. पण वसुधाचा राग कुठं निघतो ते बघायला हवं. भाजी खारट झाली, पोरानं पसारा केला, यावर ती कधी रागावत नाही. एखाद्याला मोजलंच नाही, एखाद्याचं नाव घ्यायचंच राहिलं, की हिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

हे तिच्यात आलं बापाकडून. रमेश साटवलकर वीज मंडळात इंजिनियर होते, पुण्यात राहायचे. त्यांना दोन मुली, वसुधा आणि सुकन्या. फ्लॅटच्या दारावर त्यांनी पाटी लावली तीवर चौघांची नावं, रमेश, शोभना, वसुधा, सुकन्या. मुलींची लग्नं झाल्यावर शेजारी म्हणाले, आता पाटी बदला. रमेशराव म्हणाले, "का? मुली मेल्या काय?" पुन्हा कुणी विचारलं नाही. वसुधानं इतिहासात एम.ए. केलं तेव्हा "त्याचा उपयोग काय" असं अख्ख्या खानदानानं विचारलं, एका बापानं नाही. लग्नानंतर ती जर्मनीला आली, तान्ह्या ध्रुवला कडेवर घेऊन जर्मनचे वर्ग केले, बेकरीत पाव विकले, शाळेच्या पाळणाघरात पोरं सांभाळली, आणि शेवटी या श्लोसमध्ये गाइड झाली. पहिल्या दिवशी फोनवर तिनं बापाला त्या भिंतीची गोष्ट सांगितली. रमेशराव म्हणाले, "त्या पोरींची नावं लोकांना सांगत जा बरं का."

दोन वर्षांपूर्वी रमेशराव गेले. वसुधा पहिल्या विमानानं पोचली. अग्नी कुणी द्यायचा यावर घरात कुजबुज सुरू झाली, तर शोभनाबाई खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "वसू देईल. ह्यांनी सांगून ठेवलंय." पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन वसुधा चितेभोवती फिरली. रमेशरावांचे सख्खे धाकटे भाऊ बापूकाका बाजूला उभे होते. त्यांचे डोळे भरून आले. तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "मुलगी नाहीस तू. मुलगाच आहेस बापाचा." वसुधाला ते वाक्य तेव्हाही खुपलं होतं. पण प्रसंग तसा होता, ती काही बोलली नाही.

आता हे बापूकाका म्हणजे काय वल्ली! बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच ध्यास, साटवलकरांचा कुलवृत्तांत. मूळ पुरुषापासून आजच्या शेंबड्या पोरापर्यंत कुळातली सगळी माणसं एका जाडजूड पुस्तकात. पहिली आवृत्ती चाळीस वर्षांपूर्वीची, आता दुसरी निघणार, आणि संपादक मंडळाचे अध्यक्ष बापूकाका. कोण कुठल्या गावाहून कुठं गेला, कुणाची शाखा कुठं फुटली, सगळं यांना मुखोद्गत. माणूस वाईट नाही. उन्हाळ्यात पुतण्यांना हौसेनं आंब्याची पेटी पाठवणारा, आजारपणात रात्ररात्र उशाशी बसणारा. म्हणूनच पुढं जे झालं ते वसुधाला जास्त लागलं. दुष्टानं केलं असतं तर तिनं दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं.

बापूकाकांचा मुलगा कपिलही ड्रेस्डेनमध्येच असतो, श्रीरंगच्याच कारखान्यात. त्याची बायको संपदा, आणि नऊ वर्षांची एकुलती एक मुलगी ईप्सिता. मे महिन्यात बापूकाका मुलाकडे राहायला आले. येताना पिशवीत कुलवृत्तांताची शेवटची प्रुफं घेऊन आले, कारण परत गेल्या गेल्या ती छापखान्यात द्यायची होती. दिवाळीआधी पुण्यात प्रकाशन ठरलेलं. कुळातली थोरली सून म्हणून पहिली प्रत शोभनाबाईंच्या हाती द्यायची, स्टेजवर शाल-श्रीफळ देऊन. आईनं त्यासाठी आतापासून साडी काढून ठेवल्याचं वसुधाला फोनवर कळलं होतं.

एका रविवारी बापूकाका म्हणाले, "कपिल, तुझा एक चांगला फोटो हवाय. ‘परदेशस्थ कुलबांधव’ प्रकरणात घालायचाय. वसूच्या त्या राजवाड्यासमोर काढू."

सगळे आले. वसुधानं त्यांना खास मराठीतून टूर दिली. ईप्सिताला मराठी समजतं पण ती उत्तरं जर्मनमध्ये देते, तिचं आपलं "काल्ट! आजोबा, काल्ट!" चाललेलं, कारण त्या जुन्या दगडी घरात मे महिन्यातही थंडी वाजते. भिंतीपाशी आल्यावर वसुधानं चार मुलींची गोष्ट सांगितली आणि ‘ओन एर्बेन’चा अर्थ सांगितला.

बापूकाका भडकले. अगदी मनापासून भडकले.

"अरे, माणसं का कोण ही!" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "पोटच्या चार पोरी डोळ्यांसमोर उभ्या, आणि वारस नाही? लाज नाही वाटली लिहिताना? माझ्या हातात खडू असता ना वसू, तर मीच नावं लिहिली असती इथं!"

वसुधाला इतका आनंद झाला की तिनं काकांना तिथंच वाकून नमस्कार केला. बाबा असते तर असंच बोलले असते, असं तिला वाटलं. बाहेर बागेत तिनं स्वतःच कपिलचे फोटो काढले. कपिल एकटा, कपिल बापूकाकांसोबत. त्या प्रकरणात आपलाही फोटो असावा असं कुणाच्या मनात आलं नाही, हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही.

मग सगळे खाली कॅफेत बसले. बापूकाकांनी केकची बशी बाजूला सारली आणि पिशवीतून प्रुफं काढली. "बघ, कपिलचं पान कसं झालंय." वसुधानं कौतुकानं कागद हातात घेतले आणि कपिलच्या आधी साहजिकच बापाचं नाव शोधलं. ते वरच होतं.

रमेश. वीज मंडळात अभियंता. पत्नी शोभना. मुली दोन. निर्वंश.

तिनं पुन्हा वाचलं. निर्वंश. गावाकडे भांडणात बायका कडाकडा बोटं मोडून द्यायच्या तो शाप. तुझा निर्वंश होवो. तो तिच्या बापाच्या नावापुढे छापून आला होता आणि त्याला पूर्णविराम दिला होता.

"बापूकाका, हे काय आहे?"

"कुठलं?" काकांनी चष्मा सरसावला. "अच्छा, ते. अगं, ती संज्ञा आहे. पारिभाषिक. म्हणजे त्या शाखेची नोंद तिथं थांबते, एवढंच. पहिल्या आवृत्तीतही अशाच नोंदी आहेत. कुलवृत्तांताची पद्धतच असते तशी."

"आणि आम्ही दोघी?"

"तुम्ही आहात की! ‘मुली दोन’ म्हटलंय ना? लग्न करून तुम्ही दुसऱ्या कुळात गेलात, तुमची नावं तिकडच्या कुलवृत्तांतात येतील. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?"

"आत्ता वरती तुम्ही काठी आपटलीत."

"ते वेगळं!" बापूकाका खरंच चकित झाले होते. "त्या लोकांनी मुलींना घराबाहेर काढलं. आपण कुणाला बाहेर काढलं? माहेरी या, चार दिवस राहा, साडीचोळी घेऊन जा. आपल्याकडे लेकीला केवढा मान!"

साडीचोळी! वसुधाचे कान तापले. इतक्या वर्षांत तिनं हजारो परक्या माणसांना या चार स्कॉटिश पोरींची नावं म्हणायला लावली होती, आणि तिच्या स्वतःच्या घरचा ओक तिच्या पाठीमागं पुण्यात रंगवून तयार होत होता. रंगवणारा पुन्हा कोण, तर बापाच्या पाठचा भाऊ.

"स्मशानात तुम्हीच म्हणालात, मुलगाच आहेस तू," ती म्हणाली. "मग पुस्तकात कुठं गेला तो मुलगा? का नुसता मडकं उचलण्यापुरता होता?"

"वसू, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. रोज बघतात." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि काही ओळी खाली बोट नेलं. "कपिल. पत्नी संपदा. मुलगी एक. इथं का नाही लिहिलंत?"

"काय?"

"निर्वंश."

"अगं, तो जिवंत आहे!"

"मग आत्ताच लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीला तुमचा त्रास वाचेल. त्यालाही मुलगीच आहे."

बापूकाकांचा चेहरा लालबुंद झाला. "जिभेला काही हाड आहे का तुझ्या? माझ्या पोराबद्दल असलं अभद्र बोलतेस? तेही भरल्या ताटावर?"

"अभद्र!" वसुधा उठून उभीच राहिली. "कपिलबद्दल मी तोंडानं बोलले तर ते अभद्र. आणि माझ्या बाबांबद्दल तुम्ही छापलंत तर ते पारिभाषिक?"

कॅफेतली मंडळी वळून बघायला लागली. मराठीतलं भांडण होतं, पण त्यातलं कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं. कपिल मान खाली घालून बसला होता. ईप्सितानं त्याची बाही ओढली आणि जर्मनमध्ये विचारलं, निर्वंश म्हणजे काय?

कपिलनं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "वरती भिंतीवर होतं ना, तेच. ओन एर्बेन."

ईप्सितानं वसुधाआत्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, त्या कागदाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आबर इश बिन डोख डा!"

"काय म्हणाली ती?" बापूकाकांनी विचारलं.

संपदानं सांगितलं. ती एरवी सासऱ्यांसमोर फारसं न बोलणारी मुलगी. "बाबा, ती म्हणतेय, पण मी आहे ना."

बापूकाका सावरले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "अगं वेडे, तुझ्याबद्दल नाही काही. आणि तुला होईल की एखादा भाऊ. आत्ताशी कुठं…"

"नाही होणार, बाबा," संपदा म्हणाली. "आम्हाला एकच हवी होती. तुम्हाला हे फोनवरही सांगून झालंय."

आता इतकं झाल्यावर माणसानं गप्प तरी बसावं. पण नियमांत आयुष्य गेलेला माणूस नियमाचाच आधार शोधतो. "मंडळाला विचारावं लागेल," बापूकाका पुटपुटले. "मी एकटा कसं ठरवणार? एकदा एका शाखेसाठी बदललं की सगळीकडे बदलावं लागतं. नऊशे पानं आहेत."

"मग नऊशे पानं बदला," वसुधा म्हणाली. "जिथं जिथं हा शाप छापलाय, तिथं तिथं कुणाच्या तरी लेकी होत्या. चला, लावा फोन मंडळाला, पुण्यात आत्ता संध्याकाळच आहे. आणि त्यांना हेही सांगा की पहिली प्रत घ्यायला दुसरी कुणीतरी सून शोधा. माझी आई स्टेजवर शाल पांघरून उभी राहणार, पुस्तक उघडणार, पहिल्यांदा नवऱ्याचं पान काढणार, आणि तिला काय वाचायला मिळणार? की ज्या दोन पोरी तिनं नऊ-नऊ महिने वाढवल्या त्या धरायच्याच नाहीत? मी तिला तिथं पाऊल टाकू देणार नाही. आणि का येत नाही ते सगळ्या साटवलकरांना फोन करून सांगेन, एकेकाला. मला बोलायचा कंटाळा नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

बापूकाकांनी कपिलकडे पाहिलं. त्याच्याकडून काहीतरी आधार मिळेल असं त्यांना वाटलं असावं. कपिलनं खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"माझा फोटो नको घालू, बाबा," तो म्हणाला. "घालायचाच असेल तर वसूताईचा पण घाल. कुलबांधव म्हणे!"

बापूकाका त्या पेनाकडे बघत बसले. न्याय पटला होता असं म्हणणं धाडसाचं होईल. समोर ईप्सिता बसली होती, आइस्क्रीम वितळून चाललं तरी खात नव्हती, आणि तिच्या तोंडाकडे त्यांना बघवत नव्हतं. स्वतःच्या नातीवर वेळ आली तेव्हा कळलं, भावाच्या लेकींवर आली तेव्हा पद्धत होती. पण कळलं, एवढं तरी खरं.

त्यांनी पेन उचललं आणि ‘निर्वंश’वर आडवी रेघ मारली. एकदा मारून समाधान झालं नाही, पुन्हा एकदा मारली.

"‘मुली दोन’सुद्धा खोडा," वसुधा म्हणाली. ती अजून उभीच होती. "नावं लिहा. आमची, आणि आमच्या मुलांचीही."

काकांनी ‘मुली दोन’ खोडलं. समासात, बँकेतल्या त्या सुबक अक्षरांत, लिहायला लागले. कन्या वसुधा. तिचा पुत्र ध्रुव. ध्रुवचं जन्मवर्ष त्यांनी न विचारता घातलं. मग खाली, कन्या सुकन्या. तिचा पुत्र, असं लिहून पेन थांबलं.

वसुधा बघत होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सुकन्याच्या मुलाचं," ते मान वर न करता म्हणाले, "नाव काय गं?"

"विहान," वसुधा म्हणाली. "त्याच्या बारशाला तुम्ही जेवून गेलात, बापूकाका."